पाट्या का टाकल्या जातात?

सकाळी अकराच्या आसपास अंधेरी स्टेशन आणि त्याच्या भोवतालचे रस्ते नीट पाहावेत. फलाटावर पांढऱ्या टोप्या घातलेले डबेवाले खाली मांडलेले डबे भराभर निवडतात आणि चर्चगेटच्या गाडीत चढवायच्या तयारीत असतात. बाहेर बेस्टच्या दोन बस एकामागे एक उभ्या असतात; पहिलीचा चालक बेस्टच्या कायम सेवेतला, दुसरीचा कंत्राटदाराने नेमलेला. कोपऱ्यावर सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत कचरा भरत असतो. पूर्वेला सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यांतली पाळी केव्हाच सुरू झालेली असते. आणि या सगळ्या गर्दीतून पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला एखादा मुलगा मोबाइलवरच्या नकाशाकडे बघत मोटारसायकल पुढे काढत असतो. ही सगळी पोटासाठी काम करणारी माणसे. बहुतेकांचे शिक्षण बेताचे, घरे लांब, प्रवास जिकिरीचा. तरीही कामाशी असलेले त्यांचे नाते सारखे नाही. कोणी काम आपले मानून करतो, कोणी ते अंगाबाहेर टाकतो, कोणी संधी मिळताच सोडून जातो. हा फरक कुठून येतो?

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: व्यक्ती तितक्या प्रकृती. कोणाला पैसा हवा असतो, कोणाला शाबासकी, कोणाला बढती, तर कोणाला संध्याकाळची ठरलेली बोरिवली गाडी चुकू नये एवढेच. चांगल्या साहेबाने प्रत्येकाची नस ओळखावी आणि ज्याला जे हवे ते द्यावे, असे व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवतात आणि कचेऱ्यांत मानतातही. यात तथ्य आहे. माणसे सारखी नसतात हे कोण नाकारील? पण या उत्तरातून नकळत एक निष्कर्ष निघतो, आणि तो घातक आहे. काम नीट होत नसेल तर खोट माणसात आहे, त्याच्या वृत्तीत आहे, असे ठरून जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. कामाचा हुरूप माणसाच्या स्वभावात असतो त्याहून कितीतरी अधिक त्याच्या कामाच्या अटींत असतो. उद्या हे काम आपले राहील का, त्यात आपले शहाणपण चालेल का, चांगले केले तर त्याचे फळ आणि मान आपल्या वाट्याला येईल का? या प्रश्नांना जिथे होकार मिळतो तिथे अगदी वेगवेगळ्या स्वभावांची माणसे मन लावून काम करतात. जिथे नकार मिळतो तिथे उमद्या माणसाचाही हुरूप काही वर्षांत विझतो.

मन न लावता केलेल्या कामाला मराठीत 'पाट्या टाकणे' म्हणतात. हा शब्दप्रयोग फार बोलका आहे. पाट्या टाकणारा माणूस आळशी नसतो. तो उन्हात घाम गाळत असतो, माती भरलेली पाटी उचलतो, नेऊन टाकतो, रिकामी पाटी घेऊन परत येतो. पण त्या मातीतून काय उभे राहणार, भराव कुठे जास्त हवा आणि कुठे कमी, हे ठरवणारा दुसराच असतो. मजुराची मोजदाद पाट्यांवर. पाटी पडली की त्याचा संबंध संपला. म्हणजे भाषेने इथे बोट ठेवले आहे ते माणसाच्या आळसावर नव्हे, कामाच्या रचनेवर. ज्याच्या कामातून विचार काढून घेतला, फळ काढून घेतले आणि फक्त मोजदाद ठेवली, तो पाट्याच टाकणार. लोकांच्या तोंडी असलेले हे निरीक्षण पुस्तकी सिद्धान्तांच्या फार पुढचे आहे.

पुस्तकी सिद्धान्तांत दोन नावे आपल्याकडे सर्वांत जास्त शिकवली जातात. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मानवी गरजांची उतरंड मांडली: आधी अन्न-निवारा, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मान आणि शेवटी स्वतःच्या कुवतीचा पूर्ण विकास. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये म्हटले की पगार, नोकरीची खात्री, साहेबाची वागणूक या गोष्टी नसल्या तर माणूस नाराज होतो, पण असल्या म्हणून त्याला हुरूप येतोच असे नाही. हुरूप येतो तो कामातून, जबाबदारीतून, कामगिरीची दखल घेतली जाण्यातून. दोन्ही विचारांत खोली आहे. पण हर्झबर्ग यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातले सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस होते. महिनाअखेरीला पगार जमा होईल का ही धास्ती त्यांना नव्हती. खात्रीची नोकरी पायाखाली असलेल्या माणसाला ती खात्री जाणवत नाही, जशी निरोगी माणसाला श्वासाची जाणीव नसते. तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलून मुलुंडच्या कंत्राटी चालकाला किंवा गोवंडीच्या सफाई कामगाराला लावला की चूक होते. त्याच्या बाबतीत पगार, खात्री आणि मान या तीन वेगळ्या पेट्या नाहीत. उद्या कामावर घेतील का हे ज्याला माहीत नाही, त्याला आज कोणी मान देत नाही, आणि पगार थकला तरी तो तोंड उघडू शकत नाही. एक दोरा ओढला की सगळी वीण उसवते.

आता डबेवाल्यांकडे वळू. या कामाची सुरुवात १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी केली असे सांगितले जाते; संघटनेची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी १९५६ मध्ये झाली. करोनापूर्वी सुमारे ५,००० माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवत. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतून आलेली ही माणसे, शाळा बहुतेकांची लवकर सुटलेली. बोरिवलीच्या घरातून निघालेला डबा अनेक जणांच्या हातांतून फोर्टमधल्या टेबलापर्यंत जातो आणि संध्याकाळच्या आत रिकामा होऊन घरी येतो. झाकणावरची अक्षरे, आकडे आणि रंग एवढाच त्याचा पत्ता. अमुक लाख फेऱ्यांत एकच चूक होते असा एक आकडा सगळीकडे फिरतो. तो बाजूला ठेवला तरी चालेल. वर्षानुवर्षे गिऱ्हाईक टिकले, हा पुरावा पुरेसा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण केले तेव्हा जगाने शिस्तीचे कौतुक केले. शिस्तीच्या मुळाशी असलेल्या मालकीकडे मात्र कमी लोकांनी पाहिले.

डबेवाला कोणाचा नोकर नाही. नवा माणूस काही काळ पगारावर उमेदवारी करतो आणि मग पैसे मोजून 'लाइन' विकत घेतो, म्हणजे ठरावीक गिऱ्हाइकांचे डबे नेण्याचा हक्क त्याचा होतो. वीस-पंचवीस जणांच्या गटाला एक मुकादम असतो, आणि तो स्वतःही डबे वाहतो. गटाची कमाई खर्च वजा जाता सारखी वाटली जाते. टोपी नसली, कामावर दारू पिऊन आला, तर दंड होतो. तो दंड ठरवणारे त्याच्याच सारखे असतात. गावच्या जत्रेसाठी चैत्राच्या सुमारास काही दिवस सगळेच सुट्टी घेतात आणि गिऱ्हाईक ते मान्य करते. एखाद्याची गाडी चुकली तर दुसरा त्याचे डबे उचलतो, कारण गिऱ्हाईक तुटले तर नुकसान सगळ्यांच्या वाट्याला येते. इथे उद्याची खात्री आहे, स्वतःची अक्कल चालवायला जागा आहे, फळात वाटा आहे आणि टोपीला मान आहे. डबेवाल्याच्याही डोक्यावर पाटीच असते, लांब, लाकडी, डब्यांनी भरलेली. पण ती तो टाकत नाही, जपून उतरवतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. डबेवाले एकाच मुलखातले, एकमेकांचे सोयरे, बरेचसे वारकरी. त्यांची निष्ठा नात्यागोत्यातून आणि श्रद्धेतून येते. मालकीचा त्यात काय संबंध? नाते आणि श्रद्धा यांचे बळ खरेच आहे. एका गावच्या माणसाला फसवणे अवघड असते, आणि अन्न पोहोचवणे हे पुण्याचे काम मानणारा माणूस डबा आपटणार नाही. पण याच तालुक्यांतली, याच नात्यांची, माळ घालणारी किती माणसे उपनगरांत सोसायट्यांच्या दारांवर पहारेकरी म्हणून किंवा गोदामांत हमाल म्हणून काम करतात. तिथे कंपनी दर काही महिन्यांनी बदलते, गणवेशाचे पैसे पगारातून कापले जातात आणि बारा तासांची पाळी असते. तिथे तोच माणूस तशी आस्था दाखवत नाही, आणि त्याने ती का दाखवावी? नाते आणि श्रद्धा हे बी आहे. ते उगवते कुठे आणि करपते कुठे, हे जमीन ठरवते.

याच तुलनेची दुसरी बाजू त्या चौकोनी पिशवीवाल्या मुलाची. वरवर पाहिले तर तो डबेवाल्याचा वारसदार वाटतो. अन्न पोहोचवतो, स्वतःचे वाहन वापरतो, कोणाच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही. ॲप चालवणाऱ्या कंपन्या त्याला 'पार्टनर' म्हणतात. पण त्याची लाइन त्याची नाही. गिऱ्हाईक त्याचे नाही. उद्या त्याच घरी तो जाईलच असे नाही. एका फेरीला किती मिळणार हे तो ठरवत नाही, आणि दर बदलला तर त्याला फोनवर कळते. गिऱ्हाइकाने तारे कमी दिले तर त्याची बाजू ऐकून घेणारा मुकादम नाही. भागीदारीचा शब्द त्याला मिळाला, भागीदारीची एकही अट मिळाली नाही. म्हणून तो फेऱ्या मोजतो. हप्ता फिटला की किंवा दुसरे काही मिळाले की तो निघून जातो, आणि आपण म्हणतो की हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. चिकाटी धरायला हाताशी काहीतरी असावे लागते.

अटी बदलल्या की माणसाचे कामाशी असलेले नाते कसे बदलते, हे बेस्टच्या आगारांत अगदी स्वच्छ दिसते, कारण तिथे रस्ता तोच, गर्दी तीच, प्रवासी तेच आहेत. २०१९ नंतर बेस्टने भाडेतत्त्वावरच्या बस मोठ्या प्रमाणावर घेतल्या; बस कंत्राटदाराची आणि चालकही त्याचाच. आता ताफ्यातल्या निम्म्याहून अधिक बस अशा आहेत. कायम चालकाला ठरलेली वेतनश्रेणी, रजा, निवृत्तीनंतरची देणी. शेजारच्या बसमधल्या कंत्राटी चालकाला त्याहून फार कमी पगार आणि कंत्राट संपले की अनिश्चितता. २ ऑगस्ट २०२३ ला घाटकोपर आणि मुलुंड आगारांतल्या कंत्राटी चालकांनी काम थांबवले आणि पाहता पाहता संप शहरभरच्या आगारांत पसरला. सुमारे आठवडाभर मुंबईकरांचे हाल झाले. चालकांच्या मागण्या पाहा: पगारवाढ, रजा, प्रवासाची सवलत, सारख्या कामाला सारखा मोबदला. यात स्वप्नाळू असे काही नाही. शेजारी बसणाऱ्या माणसाला जे मिळते ते आपल्याला का नाही, एवढाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ च्या निकालात पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांबाबत समान कामाला समान वेतनाचे तत्त्व उचलून धरले होते, तेही याच भावनेला धरून. माणूस आपला पगार नुसता बाजारभावाशी ताडून पाहत नाही. बाजूच्या खुर्चीशी ताडून पाहतो. दोन खुर्च्यांतले अंतर अन्यायाचे वाटले, की कितीही गोड बोलणारा आगार व्यवस्थापक त्यावर उपाय करू शकत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार महाराष्ट्रात फार पूर्वी झालेला आहे, आणि आपण तो व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवत नाही. १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या आर्थिक समर्थनाला उत्तर दिले. जात ही श्रमाची विभागणी आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की ती श्रमिकांची विभागणी आहे, तीही उच्चनीच पायऱ्यांवर. त्याच ओघात त्यांनी मांडले की माणसाची आवड आणि कुवत न पाहता त्याला जन्मावरून कामाला जुंपले, आणि त्या कामालाच कलंक लावला, तर त्याचे मन आणि बुद्धी त्या कामात नसणारच. अशी व्यवस्था कार्यक्षम होऊच शकत नाही. मॅस्लोची उतरंड प्रसिद्ध होण्याच्या सात वर्षे आधीचा हा विचार आहे. कामाचा हुरूप हा समाजरचनेचा प्रश्न आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा लेखक आपल्या घरचा आहे. मुंबईच्या सफाई कामगारांत आजही बहुसंख्य दलित समाजातले आहेत, हे लक्षात घेतले की त्यांच्या कामाविषयी बोलताना हा विचार वगळून चालत नाही. त्यांच्यातल्या कंत्राटी कामगारांना वर्षानुवर्षे महापालिकेचे कर्मचारी मानले गेले नाही. काही कंत्राटांत तर त्यांना कामगार न म्हणता स्वयंसेवक म्हटले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या लढ्यात पैसा होताच, पण आपण कोणाचे कर्मचारी आहोत, आपले नाव कोणत्या पटावर आहे, हाही प्रश्न होता. ज्याचे नावच नोंदवलेले नाही त्याला निष्ठा मागणे म्हणजे वेठ मागणे होय.

कोणी म्हणेल, एवढा शब्दांचा पसारा कशाला? दाम करी काम. पैसे वाढवा, हुरूप येईल. या म्हणण्याला उपनगरांच्या इतिहासात मोठा आधार आहे. घाटकोपरला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. दत्ता सामंत यांनी दगडखाणींतल्या कामगारांपासून संघटनेचे काम सुरू केले आणि पुढे कारखान्या-कारखान्यांत भरघोस पगारवाढ मिळवून दिली. कंपनीचा ताळेबंद पाहायचा नाही, कामगाराची गरज पाहायची, ही त्यांची रीत होती आणि हजारो कामगार त्यांच्यामागे गेले, कारण पैशाची निकड खरी होती. ती निकड ज्यांना कधी जाणवली नाही त्यांनीच पैशाला गौण म्हणावे. पण १८ जानेवारी १९८२ ला त्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हाच्या मागण्या आठवाव्यात. पगारवाढ होती, सोबत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, आणि मान्यताप्राप्त संघटना आपली नाही, आपला प्रतिनिधी आपण निवडू, हा आग्रह होता. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहून आज काम मिळेल का याची वाट पाहणारा माणूस. आजचा कंत्राटी कामगार त्याचाच वंशज. संपाचा शेवट शोकांत झाला, पण माणसे नुसत्या रकमेसाठी लढली नव्हती. दाम काम करून घेतो हे खरे. पण किती दाम, कोणी ठरवलेला आणि उद्याही मिळणार का, हे त्या दामातच असते.

दुसरा आक्षेप याच्या विरुद्ध टोकाचा. नोकरी कायम केली की माणूस सुस्तावतो. सरकारी कचेऱ्या पाहा. हा अनुभव खोटा नाही. खिडकीवर ताटकळलेल्या नागरिकाला तो कोणी पटवून देण्याची गरज नाही. पण त्या कचेरीतल्या कारकुनाच्या अटी नीट पाहाव्यात. उद्याची खात्री त्याला आहे, बाकीचे काहीच नाही. फाइल पुढे ढकलणे एवढेच त्याच्या हाती. निर्णय वरचा, दोष खालचा. चांगले काम केले काय आणि नुसती हजेरी लावली काय, फरक पडत नाही. म्हणजे त्याच्याही हाती पाटीच दिलेली आहे, फक्त सावलीत. खात्री पुरेशी नसते याचा हा पुरावा आहे. ती नकोच, असा याचा अर्थ होत नाही. आणि याच कायम नोकरीतल्या माणसांनी वेळ आली तेव्हा काय केले हेही मोजावे. मार्च २०२० नंतर लोकल सर्वांसाठी बंद असताना रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना बोरिवली, मुलुंडपासून बेस्टच्या बसनी नेले-आणले. कर्मचारी आजारी पडले, काहींनी प्राण गमावले, बस थांबल्या नाहीत. कंत्राटी सफाई कामगारही त्या दिवसांत रस्त्यावर होते, हे न सांगणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाती खात्री नव्हती, तरी ते राबले. माणसात सचोटी असते, ती अटींवर पूर्णपणे अवलंबून नसते, हे मी आनंदाने मान्य करतो. पण आणीबाणीतल्या सचोटीवर रोजचा कारभार चालवणे म्हणजे दुसऱ्याच्या चांगुलपणावर जगणे आहे. तो चांगुलपणा आटतो, आणि आटला की दोषही त्यालाच लागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. मालकी दिली म्हणजे सगळे सुरळीत होते का? कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे उदाहरण समोर आहे. १९८५ मध्ये हा कारखाना बंद पडला. कामगारांनी सहकारी संस्था काढली, १९८८ मध्ये कारखाना त्यांच्या ताब्यात द्यायला मान्यता मिळाली. कामगारांनी पगारकपात स्वीकारली, भविष्यनिर्वाह निधीतले पैसे भागभांडवलात घातले, आणि बंद यंत्रे पुन्हा सुरू केली. पहिली काही वर्षे कारखाना चांगला चालला. पण नव्वदच्या दशकात घसरण लागली आणि तो प्रयोग टिकला नाही. म्हणून मालकीचा विचार फोल ठरतो का? हुरूप खेळत्या भांडवलाची जागा घेऊ शकत नाही, बाजारातली स्पर्धा थोपवू शकत नाही, आणि मालक झालेल्या कामगारांनी आपल्याच व्यवस्थापकाशी कसे वागावे हा पेच आपोआप सोडवत नाही. हे सगळे खरे. पण दुसऱ्या कोणत्या अटीवर कामगारांनी भविष्यनिर्वाह निधी मोडून कारखान्यात घातला असता? मालकीने हुरूप दिला. धंद्याला हुरुपाखेरीज आणखीही बरेच लागते. ज्यांच्याकडे ते होते त्यांनी तग धरला. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग हजारो बहिणींची सामाईक मालकी जपत सहा दशकांहून अधिक काळ चालतो आहे. तिथे लाटणीचे पैसे जिच्या-तिच्या कामाप्रमाणे आणि नफा सर्वांचा.

उरतो तो मूळ मुद्दा: स्वभावांतला फरक. सीप्झचेच उदाहरण घेऊ. १९७३ मध्ये निर्यातीसाठी उभारलेल्या या वसाहतीत आधी इलेक्ट्रॉनिक्स आणि नंतर दागिन्यांचे कारखाने आले, आणि हजारो स्त्रियांना तिथे काम मिळाले. त्यांतल्या एकीला ओव्हरटाइम हवा असेल, कारण मुलाची फी भरायची आहे. दुसरीला तो नको असेल, कारण सासू आजारी आहे. तिसरीला हिरे बसवण्याचे बारीक काम शिकायचे असेल, आणि चौथीला शिकायचे काहीच नाही, वेळेवर पगार हवा. हा फरक खरा आहे आणि चांगल्या पर्यवेक्षकाने तो ओळखलाच पाहिजे. पण हा फरक बोलून दाखवण्याची सोय कोणाला असते? जिला उद्या कामावरून काढता येते, ती ओव्हरटाइम नको म्हणू शकत नाही. सगळ्याच होकार देतात, आणि पर्यवेक्षकाला वाटते सगळ्यांना पैसाच हवा. अटी वाईट असल्या की वेगवेगळी माणसे सारखी दिसू लागतात. अटी बऱ्या झाल्या की त्यांचे वेगळेपण वर येते. म्हणून व्यक्ती तितक्या प्रकृती हे वचन मानणाऱ्यानेच आधी अटींकडे पाहिले पाहिजे. नाहीतर प्रकृती कळणार कशा?

सगळ्यांना कायम सरकारी नोकरी द्या, असे यातून निघत नाही. खात्री देण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि त्यांतला एक महाराष्ट्राने जगाला दाखवला. हमालाला एक मालक नसतो; आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालाचे काम करून घेणाऱ्याने मजुरीबरोबर ठरावीक रक्कम मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, ग्रॅच्युइटी द्यायची. मालक बदलला तरी माणसाची नोंद तीच राहते. ॲपवरच्या कामगारांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये कायदा केला, त्यातही प्रत्येक व्यवहारामागे शुल्क आणि त्रिपक्षीय कल्याण मंडळ अशीच रचना आहे. मराठी मातीत रुजलेली ही कल्पना अंधेरीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचू नये, याला काही कारण नाही. आणि ज्यांच्या हाती कायदा नाही, फक्त एखादा विभाग, एखादे दुकान किंवा एखादी सोसायटी आहे, त्यांनाही करण्याजोगे पुष्कळ आहे. पहारेकऱ्याला दर सहा महिन्यांनी बदलू नये. सारख्या कामाला सारखा पगार द्यावा. रोज काम करणाऱ्याला त्या कामाविषयी विचारावे आणि त्याचे म्हणणे पटले तर तसे बदल करावेत.

वर्षअखेरीला कामाचा आढावा घेताना प्रत्येक साहेब एक प्रश्न विचारतो: या माणसाला कामाची तळमळ का नाही? त्याआधी एक प्रश्न त्याने स्वतःला विचारावा: याच्या जागी मी असतो, याच अटींवर, तर किती दिवस टिकलो असतो? मुलुंडच्या आगारात हा प्रश्न विचारला गेला असता, तर संप होण्याआधी दोन खुर्च्यांतले अंतर कोणाच्या तरी ध्यानात आले असते. ज्याला या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देता येईल, त्याला प्रेरणेची व्याख्याने ठेवावी लागणार नाहीत. माणसे ओझे उचलायला कधीच नाकारत नाहीत. ते कुठे चालले आहे हे त्यांना कळू द्यावे, आणि पोहोचल्यावर त्यात त्यांचाही वाटा असावा.